लाराबानं चिरलेले कान

आमच्या तळावर लाराबाइतकं मोठ्यानं हसणारी बाई दुसरी नव्हती. दक्षिणेतल्या हौसा लोकांच्या गावातून तांडेवाल्यांनी तिला सात वर्षांची असताना पळवलं. बरोबरची पोरं वाळवंट तुडवत त्रिपोलीकडे गेली. ही तापानं फणफणली, म्हणून मिठाच्या चार ढेपांना इथं आयरच्या डोंगरातच विकली. माणूस मिठाच्या भावानं घेणाऱ्या आमच्या लोकांची मला लाज वाटते.

तिचा मालक बुखादा. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असला. तिची दहा वर्षांची लेक तामो त्यानं आधीच माझ्या आईला विकली होती. त्या हिवाळ्यात लाराबालाही तो उत्तरेच्या व्यापाऱ्याला विकणार होता. म्हणजे मायलेकींची कायमची ताटातूट.

पण आमच्यात एक रीत आहे. मालक नकोसा झाला, तर गुलामानं आपल्याला हव्या त्या माणसाच्या उंटाचा कान चिरायचा. मग भरपाई म्हणून गुलाम त्याच माणसाला द्यावा लागतो. लाराबानं भरदुपारी विहिरीवर सुरी काढली आणि आईचा समजून एका पांढऱ्या उंटाचा कान चिरला.

"अगं भवाने, तो माझा नाही!" आई किंचाळली. "त्या व्यापाऱ्याचा आहे!"

"बरं झालं," व्यापारी खदखदला. "फुकटात आली!"

आईचे उंट चरायला गेलेले. आईच्या कडेवर दोन वर्षांची मी. लाराबानं आव पाहिला ना ताव, माझ्याच कानाला चीर दिली. मी म्हणे तळ डोक्यावर घेतला.

निवाड्याला तळाचे म्हातारे प्रमुख एलखेर बसले.

"माझ्या उंटाचा कान आधी चिरला!" व्यापारी म्हणाला.

"विहिरीवरची रांग आहे का रे ही, आधी कोण नंतर कोण बघायला? माणसाच्या रक्तापुढं उंटाचं काय घेऊन बसलास! बुखादा, याला एक बोकड दे."

आमच्यातल्या सगळ्या पुरुषांसारखं बुखादाचं तोंड फडक्याआड होतं. ते केवढंसं झालं ते कुणालाच बघायला मिळालं नाही, याची आईला जन्मभर हळहळ.

मग एलखेरनी रीतीप्रमाणं विचारलं, "बाई, तुला कुठं राहायचंय?"

तांड्यानं आणल्यापासून हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती तामोकडं बघू लागली. तामोच पुढं झाली आणि आपल्या आईचा हात धरून तिला आमच्या तंबूत घेऊन गेली.