आधी दोरा

रेवसजवळच्या आमच्या कोळीवाड्यात धाकलीमावशीकडे ब्लाऊज शिवायला टाकायचा, तर माप नंतर, आधी दोरा. मी शाळेत नुकतीच बदली होऊन आले होते, तिच्या शेजारच्याच खोलीत राहत होते आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी कापड पुढे केलं. मावशीनं ते मांडीवर ठेवलं, पायमशीनवरच्या रिळाच्या दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ओव."

"मी?"

"मंग कोन? कापड तुजं, आंग तुजं. ज्याचं कापड त्यानंच दोरा ओवायचा. न्हायतं कपडा आंगाला बसत न्हाय."

नाव धाकली, पण वय साठीच्या पुढचं. कपाळावर मोठं कुंकू, आवाज बंदरावरून होडीत ऐकू जाईल असा. अशा बाईला नाही कोण म्हणणार? मी मान वाकडी करून वाकले आणि चार वेळा दोरा सुईच्या शेजारून नेला. मशीनची सुई हातात घेऊन फिरवता येत नाही, जिथे आहे तिथेच गाठावी लागते. मी टोक तोंडात घालून ओलं केलं, तशी मावशी डाफरली.

"दोऱ्याला काय चाटतेस? तो फुगतो. ओलं बोट सुईला लाव, तहान तिला लागलीय. आन आधी चाक फिरवून सुई पार वर घे. दोरा तिरका काप. मेनबत्तीवरनं वड. सुईच्या मागं ह्यो पांढरा कागुद धर."

कागद धरला आणि भोक लख्ख दिसलं. दोरा पहिल्याच खेपेला आत गेला. मला एवढा आनंद झाला की शिलाई किती हे विचारायचं राहून गेलं.

ही पद्धत गावानं अगदी मनावर घेतली होती. लग्न ठरलं की नवरी आईबरोबर यायची, आधी मशीनला हळदकुंकू, मग दोरा. पहिल्या खेपेत गेला तर सासर चांगलं, असं बायकांनी आपणहून जोडून टाकलं होतं. एकदा पांडू तांडेल नारळी पुनवेसाठी होडीचा बावटा शिवायला घेऊन आला. त्याची बोटं केळ्याएवढी. दोरा त्याच्या चिमटीत दिसेनासाच व्हायचा. पाऊण तास झाला, दारात माणसं जमली, तांडेल घामाघूम.

"तांडेल, काळोखात होडी बंदराला लावतोस ना? मंग ह्या बंदरात का शिरत न्हायस?"

"मावशे, त्या बंदरात दिवा असतोय गो!"

शेवटी दोरा गेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तांडेल मशीनच्या पाया पडला.

मला मात्र हळूहळू शंका यायला लागली. माझा मोरपिशी ब्लाऊज आतून मरून रंगाच्या दोऱ्यानं शिवून आला. विचारलं तर, "आतनं कोन बगतंय?" मग एका दुपारी मी साखर मागायला तिच्याकडे गेले. मावशी एकटी होती. नाक सुईला टेकलेलं, हातात दोरा, आणि डोळ्यांतून पाणी. कागद होता, मेणबत्ती होती, तिरका कापलेला दोरा होता. तो सुईच्या बोटभर अलीकडून जात होता.

"बाई, कोनाला सांगू नको," ती म्हणाली. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "शिवन माज्या हाताला पाठ हाय. पर नवरीची चोळी आंदळीच्या हातात कोन दील?"

म्हणजे ती सगळी पद्धत तिनं रचलेली होती. तीन वर्षं अख्खं गाव तिचा दोरा ओवत होतं आणि वर तिलाच नमस्कार करत होतं. मला हसूही येईना आणि रडूही. मी अलिबागहून दोरा ओवायची बारीक तार आणून दिली, ती तिनं परत केली. तार दिसली तर लोक विचारतील, म्हणाली. अखेर महिनाभर मागे लागून मी तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार केलं. गावात सांगितलं, मावशी बहिणीकडे उरणला गेली. परत आली ती काळा चष्मा लावून. विचारणाऱ्याला, "उरनला डोले आले," असं ठणकावून सांगायची.

चष्मा निघाल्यावर तिनं पहिल्यांदा मला न्याहाळलं. "बाई, तू येवढी काली हायस?" मग स्वतःची जुनी शिलाई पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "ह्ये कपडं लोकांनी घातलं?"

आता दोरा तिचा तीच ओवणार, असं तिनं ठरवलं. पण पहिल्याच नवरीची आई भडकली. "माज्या पोरीनंच काय घोडं मारलंय? तिचा दोरा का न्हाय?" झालं! स्वतःच रचलेल्या पद्धतीत मावशी अडकली. गिऱ्हाईक चाचपडत असायचं आणि लख्ख दिसणारी मावशी हात चोळत बसायची. माणसं गेली की माझ्यासमोर ती फटाफट दहा वेळा दोरा ओवून दाखवायची.

पुढे मावशीच्या मुलाचं लग्न झालं, सून आली. सुरेखा. मावशीनं तिला शिवणकाम शिकवलं. मागच्या वर्षी मावशी गेली. मी निवृत्त होऊन तिथेच राहिले आहे, आणि तिच्याशिवाय गल्ली फार मुकी वाटते.

परवा माझ्या नातीच्या बारशासाठी ब्लाऊज टाकायला गेले. सुरेखानं कापड घेतलं आणि दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं. मी चाक फिरवलं, दोरा तिरका कापला, कागद धरला. एका सुईच्या दोन दिसत होत्या. मागे दोन बायका थांबलेल्या. मी उगाच म्हणाले, "आज उजेड कमी आहे."

सुरेखा उठली, "बाई, कागद वाकडा झालाय," म्हणत माझ्या आणि त्या बायकांच्या मध्ये उभी राहिली. क्षणात दोरा आत गेला. मग मोठ्यानं म्हणाली, "बघा, बाईंचा पहिल्याच खेपेत गेला!"

ती माझ्या कानाशी वाकली.

"सासूबाई सांगून गेल्यात. बाई आता पुस्तक लांब धरून वाचते, तिचा दोरा तूच ओव. आन कोनाला सांगू नको."