मान न वळवणारा माणूस

ताईने फोनवर एवढंच सांगितलं, “हे गेले रे. चहा घेतला आणि बसल्या बसल्याच...” मी डोंबिवलीहून कल्याणला गेलो, पुढचं सगळं केलं. रडू आलं नाही. आता महिना उलटला, तरी आलेलं नाही. भाऊजींचं आणि माझं बोलणं गेली कित्येक वर्षं “बसा”, “येतो” एवढ्यावरच आलं होतं.

ते रेल्वेत गँगमन होते. रुळाखालची खडी ठोकून बसवणारी माणसं आपल्याला दिसतात, त्यांच्यातले. पण खडीला त्यांचा हात लागत नसे. गँग वाकून काम करत असते, यंत्राच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही. म्हणून एक जण शिट्टी आणि झेंडा घेऊन नुसता उभा असतो. गाडी दिसली की शिट्टी वाजवायची, सगळे बाजूला. त्याने दुसरं काही करायचं नाही, बसायचं नाही, गप्पा नाहीत. भाऊजींनी उन्हातान्हात हेच केलं. गुडघे गेले, डोळे कायमचे लाल झाले. कौतुक कुणालाच नव्हतं. गँगमधले म्हणायचे, “शिट्टीसाहेब, निदान सावली तरी इकडे पाडा.” एका सुपरवायझरने सगळ्यांदेखत सुनावलं, “उभं राहायचा पगार घेतोस? घमेलं उचल.” भाऊजी रुळाकडे बघतच म्हणाले, “उचलतो. शिट्टी तुम्ही धरा.” त्यानंतर त्यांना बरेच दिवस घाटातल्या गँगवर पाठवलं गेलं.

आमच्या बाबांना हा जावई कधीच पसंत नव्हता. ताईने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, म्हणून ते त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. शेवटच्या आजारात मात्र एका दुपारी बाबा मला म्हणाले, “जावईबापूंना बोलव. मला बोलायचंय त्यांच्याशी.” कामावर फोन जवळ ठेवायला मनाई होती. गँग ठाकुर्लीच्या पुढे होती. मी रिक्षा केली, कुंपणाच्या फटीतून आत शिरलो.

“भाऊजी, चला. बाबांचं काही खरं नाही. तुमचं नाव घेतायत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “बाजूला उभा राहा. समोर नको, लाइन दिसत नाही.”

“अहो, ते वाट बघतायत...”

“मुकादम येऊ दे. त्याच्या हातात शिट्टी देतो, मग निघतो.”

मुकादम लांब, दुसऱ्या टोकाला होता. मी धावत जाऊन त्याला घेऊन आलो. शिट्टी त्याच्या हातात पडली तसे भाऊजी माझ्याही पुढे पळाले. आम्ही पोचलो तेव्हा बाबांच्या अंगावर चादर ओढलेली होती. ताईने नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “माझ्या बापाला तुमची शिट्टी आडवी आली.” भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले, “तेवढ्यात दोन गाड्या गेल्या.” त्यांनी दिलेला खुलासा एवढाच. बाबांना काय बोलायचं होतं, माफी मागायची होती की शेवटचं सुनावायचं होतं, ते कुणालाच कळलं नाही. ताईने संसार केला, पण ते वाक्य कधी मागे घेतलं नाही. मीही त्यांना माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

तेराव्याला गँगमधले चौघे आले होते. माणूस गेल्यावर जे गोड बोलतात, तसं काही ते बोलले नाहीत. त्यांच्यातला एक पानावरच म्हणाला, “लई खडूस होते. मला ताप होता, तरी पहारीला हात लावला नाही त्यांनी.”

“आता कोण उभं राहतं?” मी विचारलं.

“नवीन आहे एक. चांगलाय. मदत करतो सगळ्यांना.”

ताई वाढता वाढता थांबली. माझ्याकडे बघितलं, आणि भाताचं पातेलं घेऊन आत गेली.

परवा ठाकुर्लीच्या बाजूने चाललो होतो. रुळावर गँग लागली होती. झेंडा खडीत खोचून ठेवला होता आणि तो नवा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून, वाकून, फावड्याने खडी ओढत होता. मी उभ्या आयुष्यात रस्त्यावर आवाज चढवलेला नाही. कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून ओरडलो, “फावडं टाक. उभा राहा. लाइनकडे बघ.”

त्याने फावडं टाकलं, सरळ उभा राहिला, आणि हा कोण म्हातारा म्हणून माझ्याकडेच बघत बसला.