नेरेइदाने बदललेलं पान

नेरेइदाला एका जागी बसून वाचताच येत नाही. कबायग्वान गावातल्या आमच्या सिगार कारखान्यात आम्हाला वाचून दाखवायला तिच्यासाठी लाकडी चौथरा आहे, वर खुर्ची आणि मायक्रोफोनही आहे. पण पुस्तक हातात घेतलं की खुर्ची मागे सरकते आणि बाई उभ्या. वीज गेली की मग बघायलाच नको. ती खाली उतरते आणि आमच्या बाकांमधून फिरत, घसा ताणून वाचते. माझ्या पाठीमागून गेली की माझ्या हातातलं तंबाखूचं पान हमखास फाटतं.

"पायाला भिंगरी लावून आलीस का गं?" मी विचारते. ती वाचता वाचताच पुढे निघून जाते.

आमच्याकडे सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी असते. कादंबरी कोणती आणि वाचणारा कोण, हे आम्ही सिगार वळणारेच मत देऊन ठरवतो. वाचन आवडलं तर पान कापायचं पातं बाकावर ठोकायचं, नाही आवडलं तर जमिनीवर टाकायचं. सगळ्या दालनाने पाती टाकली की वाचणाऱ्याने आपलं पुस्तक उचलून घरी जायचं. नेरेइदाच्या आधीचा वाचक असाच गेला. तो प्रेमपत्रसुद्धा नोटीस वाचल्यासारखा वाचायचा.

नेरेइदा आधी शाळेत शिकवायची. तिचा नवरा लासारो, 'बस्तान बसलं की तुला बोलावून घेतो,' असं सांगून मायामीला गेला. बस्तान बसलं, पण दुसऱ्याच बाईबरोबर. नेरेइदाला ते कळलं ते कुणाच्या तरी फोनमधल्या लग्नाच्या फोटोवरून. ती रडली नाही की बोलली नाही. फक्त तेव्हापासून तिला कुठेच स्वस्थ बसवत नाही. तिच्या घरी कॉफी प्यायला गेलं तरी ही उभीच.

या वर्षीची कादंबरी अँपारो नावाच्या एका कोळ्याच्या मुलीची होती. तिचा नवरा खाणीत कामाला गेलो म्हणून सांगतो आणि असतो तुरुंगात. सुटून घरी येतो तोवर तिला सगळं कळलेलं असतं. तो दार वाजवतो आणि तिथेच प्रकरण संपतं. दार उघडेल की नाही, यावरून आमच्या दालनात दोन तट पडले होते. बायका म्हणायच्या, मरू दे त्याला बाहेर. पुरुष म्हणायचे, चुकतो माणूस. आता ते असंच म्हणणार.

माझ्या शेजारच्या बाकावरची झोराइदा मात्र काहीच बोलत नव्हती. तिच्यासारखा हात आमच्यात कुणाचा नाही, पण त्या दिवसांत तिच्या सिगारी एक जाड तर एक बारीक अशा निघत होत्या. तिचा नवरा अर्सेनिओ हाव्हानाला हॉटेलांच्या बांधकामावर आहे असं ती सगळ्यांना सांगायची. खरं तर तो होता सिएगो शहरात, एका विधवेच्या घरात. आता परतला होता, बहिणीकडे राहत होता आणि रोज संध्याकाळी हिच्या दारात येऊन उभा राहत होता. ही खिडकीतून बघायची आणि आत जायची.

"मग काय ठरवलंस?" मी विचारलं.

"अँपारो काय करते ते बघते."

"वेडी आहेस का? ती पुस्तकातली बाई."

"हो. पण तिने माझ्याइतकंच सोसलंय. आणि कुणाला विचारू? तुला विचारलं तर तू आधी शिव्या देशील."

ते खरं होतं. मी पुढचं पान वळायला घेतलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी वीज नव्हती. नेरेइदा वाचत वाचत आमच्या रांगेत आली. अँपारोच्या नवऱ्याने दार वाजवलं. अँपारो उठली, दारापर्यंत आली. इथे नेरेइदा थांबली, पुस्तकात बघत राहिली. मग तिने वाचलं की अँपारोने कडी लावली, वर अडसर सरकवला आणि दिवा मालवला. त्या दिवसाचं वाचन तिने तिथेच थांबवलं.

पात्यांचा असा ठोका पडला की छताचे पत्रे हलले. झोराइदाने पातं ठोकलं नाही. त्या संध्याकाळी तिने अर्सेनिओला दारातूनच सांगितलं, "परत येऊ नकोस." शनिवारी सकाळच्या ट्रकने तो सिएगोला गेला.

रविवारी मी एउस्ताकिओ काकांकडे गेले. आयुष्यभर ते आमच्याबरोबर सिगार वळत होते. आता डोळे गेलेत, पण कादंबरीशिवाय त्यांना घास उतरत नाही. म्हणून नेरेइदा रोज सकाळी घरी जे वाचून बघते, ते फोनमध्ये रेकॉर्ड करून त्यांना पाठवते.

"काय बाई आहे ती अँपारो," काका म्हणाले. "दार उघडलं, त्याला पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि म्हणाली, मी विसरणार नाही, पण आत ये."

"काका, तिने कडी लावली."

"मी आंधळा आहे, बहिरा नाही." त्यांनी फोनमधलं वाचन लावलं. आवाज नेरेइदाचाच. दार उघडलं होतं.

कॉफी तशीच टाकून मी तडक नेरेइदाच्या घरी गेले. ती अंगणात झाडत होती. झाडलेलंच पुन्हा झाडत होती.

"कडी कुठून आणलीस गं?"

तिने विचारलंही नाही, कसली कडी. "सकाळी नीट वाचलं होतं. दालनात त्या ओळीवर आले आणि दाराबाहेर मला लासारो दिसला. मग तोंडातून कडीच निघाली."

"ती तुझ्या दाराला लावायचीस. झोराइदाच्या कशाला लावलीस?"

झोराइदा पुस्तकाच्या भरवशावर बसली होती, हे नेरेइदाला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिचं झाडणं थांबलं. मला तिची कीव आली आणि तितकाच रागही आला. "उद्या तू सांगतेस की मी सांगू?" मी म्हटलं.

सोमवारी ती चौथऱ्यावर चढली. वीज होती, पण तिने मायक्रोफोन बाजूला केला. "ते पान मी खोटं वाचलं," ती म्हणाली. "आता खरं वाचते." आणि तिने वाचलं. गरम पाणी आलं, 'आत ये' आलं. ते ऐकताना माझ्या डोळ्यांना धार लागली, लपवत नाही.

वाचून संपलं. मागच्या रांगेतून पहिलं पातं जमिनीवर पडलं, मग दुसरं, मग सगळीकडून. माझंही पडलं. पुस्तकात फसवणूक असली तर चालते. वाचणाऱ्यानेच फसवलं तर आम्ही दिवसभर मान खाली घालून कुणाच्या भरवशावर ऐकायचं? नेरेइदाने पुस्तक मिटलं आणि ती पायरी उतरू लागली.

तेवढ्यात झोराइदा उठली. अख्खं दालन तिच्याकडे बघत होतं.

"थांब," ती म्हणाली. "मी त्याला आत घेतलं असतं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. ते तू माझ्याकडून घेतलंस."

"हो," नेरेइदा म्हणाली. "मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही मला."

"मग म्हणू नकोस. माफ करायचं की नाही ते माझं मी ठरवेन, आणि या खेपेला पुस्तकात बघून नाही. वेळ लागेल मला." ती खाली बसली आणि तिने नवीन पान ओढलं. "तोवर जाऊ नकोस. वर चढ, वाच पुढे."

नेरेइदा वर चढली. पुस्तक उघडलं आणि पान शोधलं. आम्ही जमिनीवरची पाती उचलली आणि ती वाचायला लागेपर्यंत थांबलो.