नशिराबादजवळचं पंक्चर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आत्या गेली त्या दिवशी तिच्यासाठी नेलेली साडी मी एका परक्या बाईच्या अंगावर घातली. आणि घातली ती तोंड नीट पाहून.

आमच्याकडे बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते. ती आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. आत्याच्या माहेरी आता मी एकटाच उरलेला. दर दिवाळीला ती फोनवर बजावायची, "पांढरी नको आणू रे बाबा. विधवा असले तरी जांभळी आण." मी म्हणायचो, "आत्या, आधी भेटायला तर येऊ दे." तीन वर्षं गेलो नाही. जळगाव ते धुळे, दोन तासांचा रस्ता.

मधल्या काळात आतेभावाने धुळ्यातच, देवपुरात नवं घर घेतलं होतं. तेही मी पाहिलेलं नव्हतं. आत्या गेल्याचा फोन आला तसा जांभळी साडी घेऊन निघालो. कोपऱ्यावर गाडी लावली, साडीची पिशवी काखेत मारली आणि पानटपरीवर विचारलं, "मयत कुठल्या गल्लीत आहे हो?" एकाने पिशवीकडे पाहिलं आणि माझा हातच धरला. "माहेरचे ना? चला चला, तुमच्यावाचून सगळं अडलंय."

अंगणात बायांनी वाट दिली. कुणीतरी तोंडावरचं कापड बाजूला केलं. गाल बसलेले, हनुवटीला पट्टी बांधलेली. मनात आलं, आजारपणात किती बदलली आत्या! मी रडलो, खरंखुरं रडलो. साडी पांघरली. एक म्हातारी पुटपुटली, "जांभयी? राहू दे, माहेरनी शे." आतेभाऊ दिसेना; म्हटलं, पुढे मडकं धरून उभा असेल. तिरडी उचलली, मी खांदा दिला.

गल्लीच्या तोंडाशी पिंपळनेरहून आलेली एक जीप कचकन थांबली. एक म्हातारा हातात साडी घेऊन धावतच आला. "थांबा रे भो! मी तिना भाऊ शे!"

सगळे थांबले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग हाऊ कोन शे?"

खांद्यावर तिरडी. पळता येईना, खाली ठेवता येईना. "मी... जळगावचा," एवढंच तोंडातून निघालं. मागे कुणीतरी खोकल्यात हसू दाबलं. म्हाताऱ्याने जांभळ्या साडीवरून हात फिरवला, तिच्यावर आपली साडी घातली आणि म्हणाला, "राहू द्या. तिले दोन माहेरं मियनात." तिला दोन माहेरं मिळाली, म्हणे. मग माझ्या खांद्याखालून हळूच दांडा काढून घेतला. ती साडी परत मागायची कशी?

खिशात फोन मुका करून ठेवलेला. आतेभावाचे बारा मिस्ड कॉल. त्याचं घर मागच्याच गल्लीत निघालं. वहिनी दारात पाणी ओतत होत्या. "तास-दीड तास थांबलो हो भाऊ. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांची घडी न मोडलेली साडी दिली."

स्मशानात पोचलो तेव्हा चिता पेटली होती. आतेभाऊ जवळ आला. "काय झालं भाऊ? कुठे राहिला होतास?"

"नशिराबादजवळ पंक्चर झालं," मी म्हणालो.

जळगावहून धुळ्याला येताना नशिराबाद लागत नाही. ते पार उलट्या अंगाला, भुसावळच्या रस्त्यावर. हे मला तोंडातून शब्द गेल्यावर आठवलं. त्याला लगेच आठवलं असणार. तो फक्त म्हणाला, "होतं असं." तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून पिंपळनेरच्या म्हाताऱ्याने मला ओळखीचा हात वर केला. मी पाठ फिरवली.

दहाव्याला गेलो, गंधमुक्तीच्या जेवणाला गेलो. आतेभावाने मला पहिल्या पंगतीत बसवलं, आग्रह केला. पण तेव्हापासून तो मला 'तुम्ही' म्हणतो. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय. त्याला वाटतं, मला यायचंच नव्हतं, म्हणून मी मुद्दाम उशीर केला. मी ते वाटू दिलंय, कारण खरं त्याहून वाईट आहे. चुकीच्या घरात कुणीही शिरेल. मी कापड बाजूला झाल्यावर पाहिलं, आणि तरी मला कळलं नाही.

आतेभावाला मी एवढं सांगायचं देणं लागतो: मी वेळेवर आलो होतो, पण तुझ्या आईचा चेहरा विसरलो होतो. आणि आत्याची जांभळी साडी अजून माझ्याकडून द्यायची राहिली आहे.