चांगल्या घाण्याचा प्रोसेसर

त्या जानेवारीत लंडनच्या वेम्बलीत थंडी अशी की आमच्या घरात दूध गरम राहावं म्हणून फ्रिजमध्ये ठेवावं लागे. घरमालकीण काकू, मूळच्या दादरच्या, गॅसचं बिल वाढू नये म्हणून स्वतः तीन शाली पांघरून बसत. हीटर लागला की सण समजायचा.

माझा रूममेट नागपूरचा. बांधायच्या आधीच इमारत कॉम्प्युटरवर आतून फिरवून दाखवायची, हे त्याचं काम. दिवाळीनंतर त्याची कंपनी बुडाली. इंग्लंडात राहायचं परमिट त्या कंपनीच्या नावावर होतं. दुसरी नोकरी नाही तर परत नागपूर. क्रॉयडनच्या एका ऑफिसने त्याला शेवटची संधी दिली होती: आम्ही बांधणार आहोत त्या इमारतीची तशी फिल्म सोमवारी सकाळी आणून दाखव, मग बघू. आमचा म्हातारा कॉम्प्युटर ती फिल्म गणपतीपर्यंत करील, असा माझा अंदाज होता. तो म्हणाला, "होळीपर्यंत होईल. तू उगाच बदनाम करतो त्याला."

म्हणून शनिवारी कॉम्प्युटर फेअरला गेलो. स्पोर्ट्स हॉलमध्ये टेबलं मांडलेली, ट्रेमध्ये प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपा, अंड्यांसारखे रचलेले. महागडा आम्हाला परवडणारा नव्हता. पण स्वस्त आणि महाग एकाच घाण्यातल्या चकल्या; शिक्का तेवढा वेगळा. घाणा चांगला साधला असेल, तर स्वस्तातलीही ठरल्यापेक्षा कितीतरी जोरात पळवता येते. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कुठला घाणा चांगला, ते चिपवरच्या बारीक आकड्यांवरून कळतं, आणि हा पठ्ठ्या ते आकडे रामरक्षेसारखे पाठ करून आला होता.

त्याने ट्रेमधली एकेक चिप उचलून उजेडात धरली. आईने वांगी निवडावीत तशी. आमच्यामागे रांग थेट बर्मिंगहॅमपर्यंत गेली असावी.

"चिप घेतोयस की बायको, मेट?" टेबलामागचा गोरा म्हणाला.

"बायको आई बघेल. चिप मलाच बघावी लागते," हा म्हणाला, आणि तळातली एक उचलली.

घरी येऊन बसवली. वेग वाढवला की ती तापायची आणि बंद पडायची. शेवटी खिडकी सताड उघडून कॉम्प्युटरची पेटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बाहेरची हवा लागली आणि चिप अशी उधळली की मला पेटी दोरीने बांधावीशी वाटली. रविवारी दुपारी हिशेब स्पष्ट होता: रात्रीच्या जेवणापर्यंत फिल्म पूर्ण. दोन दिवस न झोपलेला तो जॅकेट-टोपीसकट गादीवर आडवा झाला. मी भाजी आणायला ईलिंग रोडला गेलो.

परत आलो तर काकू जिन्यात उभ्या.

"हळू बोल. पोर झोपलंय. काय रे तुमची अक्कल, ह्या थंडीत खिडकी उघडी? मी लावली. हीटरही केलाय. आणि ते मशीन उघडंच ठेवता, धूळ नाही का बसत? माझी शाल घातलीय त्यावर."

मी वर धावलो. खोलीत पहिल्यांदाच ऊब होती, आणि जळका वास. तो उठून बसला होता. त्याने शाल उचलली, घडी घातली, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा काळा. त्या चिपने पुन्हा डोळा उघडला नाही.

जुना प्रोसेसर परत बसवला. सोमवार सकाळपर्यंत फिल्म मुख्य दारापासून लिफ्टपर्यंत पोचली. लिफ्टचं दार उघडतं, पुढे काही नाही. तेवढीच घेऊन तो क्रॉयडनला गेला.

संध्याकाळी मी विचारलं, "काय म्हणाले?"

"लिफ्ट छान आहे म्हणाले."

काकूंनी थालीपीठ वाढलं. "झालं का रे काम?"

"झालं काकू. तुमच्यामुळे झोप तरी झाली. नाहीतर तिथे पेंगलो असतो."

काकू खूश. जिन्यात मी तोंड उघडलं, तसा त्याने माझा दंड धरला. "गप रहा बे. तिला कळलं तर स्वतःसाठीही हीटर लावणार नाही ती."

फेब्रुवारीत तो नागपूरला गेला. जाताना काकूंच्या पाया पडून म्हणाला, तिकडे मोठी नोकरी लागलीय. काकू पुढे कितीतरी वर्षं शेजारणींना ते सांगत होत्या. ही एक थाप माझी नाही.