छावणीतला चारा

नववीच्या चाचणीत एका मुलीने लिहिलं होतं, ‘लढाईच्या वेळी निजामाने खर्ड्याजवळ छावणी उघडली. तिथे चाऱ्याची आणि पाण्याची सोय केली होती.’ आमच्या मुख्याध्यापकांनी ते उत्तर स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळे पोट धरून हसले. मी हसले नाही. मुळात तो पेपर त्यांनी मला न विचारता माझ्या टेबलावरून उचलला होता, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

आणि मुलीचं तरी काय चुकलं? आमची शाळा जामखेड तालुक्यातली, खर्ड्याच्या किल्ल्यापासून जवळच. या कोरड्या पट्ट्यात छावणी म्हटलं की दुष्काळात गुरांसाठी उघडतात तीच डोळ्यांसमोर येते. छावणी पडते ती सैन्याची आणि उघडते ती जनावरांची, हे पुस्तकाने तिला कधी सांगितलंच नव्हतं.

सरांना मात्र निमित्त मिळालं. म्हणाले, “मॅडम, असलंच लिहिणार असतील तर सोमवारचा पाचवा तास गणिताला द्या. दहावीला पोरांची तिकडेच दांडी उडते. इतिहास काय, घरी वाचतील.”

आधीच इतिहासाच्या वाट्याला तास कमी. त्यातला हा पूर्ण लांबीचा तास गेला असता तर मी वर्गात फक्त तारखा लिहून देणारी बाई उरले असते. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, “शनिवारी तुम्ही स्वतः वर्गात बसा. मग तास कुणाचा ते ठरवा.”

‘बसतो की,’ म्हणाले. आता माघार नव्हती.

शाळेत देणगीतून आलेला एक स्मार्ट टीव्ही होता. त्याला बैलाला शिवावी तशी झूल शिवलेली होती आणि ती फक्त झेंडावंदनाला निघायची. मी ती काढली. आधी मुलांना लढाईचे व्हिडिओ दाखवले. त्यांत तोफांचे आवाज आणि संगीताचा दणदणाट एवढा की इतिहास कुठेतरी चेंगरून मेला होता. मुलं खूश, मी वैतागलेली. शेवटी बंद केलं आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: हे कुणी सांगितलं? कधी सांगितलं? त्याला कसं कळलं? पुढचं काहीही बघायचं ते हे प्रश्न विचारूनच.

मग गंमत सुरू झाली. परदेशातल्या एका ग्रंथालयाने जुने नकाशे फुकट बघायला ठेवलेत. त्यात आमच्या भागाचा इंग्रजी अमदानीतला नकाशा सापडला. गावाचं स्पेलिंग इतकं विचित्र की मुलं ते वाचून हसत बाकावर आडवी झाली. शेजारी उपग्रहाचा नकाशा उघडला. मग जुन्या नकाशातला ओढा नव्यात शोधायचा खेळ चालला. जुनं जिल्हा गॅझेटिअर स्कॅन केलेलं मिळालं. लढाईच्या काळात सैन्यांबरोबर फिरलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचं पुस्तकही मिळालं. त्यातलं इंग्रजी मी मराठीत सांगत गेले. घोडे, हत्ती, तोफा ओढणारे बैल, धान्य वाहणाऱ्या बैलांचे तांडे.

तेवढ्यात ती मुलगी, जिचं उत्तर हसण्यावारी गेलं होतं, उभी राहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती चुलत्याकडे राहते. एरवी हजेरीलासुद्धा कुजबुजल्यासारखं ‘हजर’ म्हणते. ती म्हणाली, “म्याडम, मंग एवढ्या जनावरांनी खाल्लं काय?”

मी टाळीच वाजवली. इतका आनंद झाला.

शनिवारी सर शेवटच्या बाकावर बसले, हाताची घडी घालून. मी बाजूला उभी राहिले आणि त्या मुलीला पुढे केलं. सुरुवातीला तिचा आवाज फुटेना. मग तिने नकाशावर बोट ठेवलं आणि बोलतच सुटली.

“ह्यो ओढा जुन्या नकाशात हाय आन आताबी हाय. सैन्य म्हंजी नुसती मानसं न्हाईत, जनावरं लई. त्यास्नी पानी पायजे, वैरन पायजे. दुष्काळात आपली गुरांची छावनी ह्याच ओढ्याच्या काठाला हुती. म्हून आमाला वाटतं, सैन्याची छावनीबी हितंच कुठंतरी पडली आसंल.”

सर पुढे झुकले. “वाटतं म्हणजे? पुरावा काय?”

वर्गात हशा पिकला. आठवडाभर हाच प्रश्न घोकलेली पोरं ती! मुलगी मात्र हसली नाही.

“पुरावा न्हाई, सर. ह्यो अंदाज हाय. जनावरं हुती त्याला पुस्तक हाय, ओढ्याला नकाशा हाय. जागा हीच, ह्याला अजून काय घावलं न्हाई. घावलं तर सांगू, न्हाई घावलं तर तसं लिवू.”

एवढं स्वच्छ बोलणं मी कित्येक मोठ्या व्यासपीठांवर ऐकलेलं नाही.

सरांनी हाताची घडी सोडली. मग एकदम म्हणाले, “त्या गुरांच्या छावणीत आमची बैलजोडी हुती. वडील तिथंच मुक्कामाला.” बोलण्याच्या ओघात त्यांची शाळेतली भाषा सुटली होती.

मुलांना तेवढंच हवं होतं. “कवा, सर?” “तुमी सवता बघितलं का कुनी सांगितलं?” “पुरावा हाय का?”

सर लालबुंद झाले. मला वाटलं, आता गेला आपला तास. ते उठले आणि तडक बाहेर पडले.

रविवार मी घरात सगळ्यांवर चिडचिड करत काढला. सोमवारी पाचव्या तासाला गणिताचे शिक्षक येतील म्हणून मी टीव्हीवर झूलसुद्धा घालून ठेवली. दारात पावलं वाजली. सर होते. हातात एक जुना, कडा दुमडलेला फोटो. फोटोत ताडपत्रीच्या मांडवाखाली बांधलेली बैलजोडी, तिच्याजवळ उकिडवे बसलेले एक गृहस्थ आणि मागे ओढ्याचा काठ.

“मॅडम, पुरावा आणलाय,” ते म्हणाले. “आत येऊ का?”

मी झूल काढली. म्हटलं, “या सर. इतिहासाचा तास चालू आहे.”