माझ्या प्रोग्रामची तपासणी

आमच्या जुन्या संगणक विभागाच्या स्नेहमेळाव्यात एका माजी सहकाऱ्याने भाषणात सांगितले की, मी दर शनिवारी नवख्यांचे प्रोग्राम लाल पेनाने तपासत असे आणि त्यातूनच ते सारे घडले. हल्लीची मुले ज्याला कोड रिव्ह्यू म्हणतात, तो यवतमाळात आम्ही तेव्हाच करत होतो, असेही तो म्हणाला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण हे धादांत खोटे आहे.

लाल पेन खरे. घडले कोणीच नाही. माझ्या खुणांतून ती मुले एवढेच शिकली की मला काय दाखवायचे नाही. छापील कागद माझ्या टेबलावर येई तो धुऊनपुसून. अडलेली जागा, शंका, अर्धवट कल्पना त्यांच्या खणात राहत. एकाला ठाऊक असलेले शेजारच्याला कळत नसे, आणि याला जबाबदार मी होतो. हे मी सांगेन. दुसऱ्याकडून ऐकून घेणार नाही.

त्या हंगामात कापसाचे भाव कोसळले होते आणि खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. गाड्यांना क्रमाने टोकन देण्याचा प्रोग्राम मी लिहिला होता; शुक्रवारी सकाळी तो दारव्ह्याच्या केंद्रावर सुरू व्हायचा होता. त्याच आठवड्यात तिकडच्याच एका तांड्यावरची मुलगी आमच्याकडे रुजू झाली होती. तिला काम देण्याची माझी इच्छा नव्हती, म्हणून माझा छापील प्रोग्राम तिच्यापुढे टाकला आणि वाचत बसायला सांगितले.

गुरुवारी संध्याकाळी ती कागद घेऊन आली. एका ओळीखाली पेन्सिलीची फिकट रेघ होती.

"सर, तारीख बदलली की नंबर एकपासून कायले सुरू करता?"

"रोजची रांग रोज."

"रोज कुठं संपते रांग? माह्या मामाची गाडी परवापासून चिठ्ठी घेऊन उभी हाय. उद्या सकाळी जो येईन त्याले एक नंबर भेटन, अन् मामा मांगं."

आज भाषण ठोकणारा सहकारी शेजारच्याच टेबलावर होता. "घ्या साहेब," तो हसला. "सोमवारी आली अन् गुरुवारी तुमचाच पेपर तपासून राह्यली."

मी संतापलो. मामाची शिफारस इथे चालत नाही, असे तिला सुनावले.

"मामाचं सोडा सर. पन्नासेक गाड्या हायेत. लोक गाडीखाली झोपते. तुम्ही गेलते का कधी पाहाले?"

गेलो नव्हतो. रांग मी फाइलीत पाहिली होती.

ती ओळ मी तिच्यासमोर खोडली. कालचे क्रमांक पुढे कसे न्यायचे हे तिने विचारले, मी समजावले, तिने लिहिले. त्या दोन तासांत ती जेवढे शिकली, तेवढे बाकीचे साऱ्या शनिवारांत शिकले नव्हते. पुढे मी नियमच केला: नवख्याने आधी जुन्याचा प्रोग्राम वाचून चूक काढायची. त्याला सर्वांत कडवा विरोध या वक्त्यानेच केला. आपला कागद कालच्या पोरीने तपासावा, हे त्याला सोसवेना.

त्या शुक्रवारी सकाळी ती आणि मी फ्लॉपी घेऊन जीपने दारव्ह्याला गेलो. हाती लिहिलेल्या जुन्या चिठ्ठ्या आधी संगणकात भरल्या, आणि मंगळवारी आलेली गाडी पहिली आत गेली. तिचा मामा सतरावा होता. "या सरांनी केलं," तिने त्याला सांगितले. ती हकिकतही मी तिथेच खोडून काढली.